आडनावाचा शोध कशासाठी?

पिंपरी-चिंचवडला खोली पाहायला जा, घरमालक विचारतो, "आडनाव काय? गाव कुठले?" त्याला गाव नको असते, जात हवी असते. पण गायकवाड, जाधव, मोरे ही आडनावे मराठ्यांत आहेत, तशी आपल्यातही आहेत. मग आडनावाने काय सिद्ध होते?

बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. गावावरून आंबडवेकर, पुढे आंबेडकर. जन्म मात्र महूचा, १८९१ चा. आडनाव ही वाटचालीची खूण आहे, योग्यतेचे माप नव्हे.

म्हणून आपला आजा कुठल्या गावचा, कोणती वेठ करीत होता, गाव का सोडले, हे म्हाताऱ्यांकडून विचारून लिहून ठेवा. महारवतन १९५८ च्या कायद्याने गेले. ते भोगलेली पिढीही संपत आली आहे. मात्र त्या शोधातून उच्च कुळ काढू नका. कुळाचा अभिमान धरला, तर जी उतरंड नाकारून आपण धम्म घेतला, तीच पुन्हा घरात येते. माणूस जन्माने नव्हे, कर्माने नीच वा श्रेष्ठ ठरतो, ही तथागताची शिकवण आहे.

खोलीसाठी आडनाव लपविणाऱ्याला दोष देऊ नका. दोष विचारणाऱ्याचा आहे. पण आपल्या मुलांपासून तरी ते लपवू नका. पूर्वज शोधा, कुळी शोधू नका!