गुड फ्रायडेची गोळी



११ एप्रिल १८७३ हा त्या वर्षीचा गुड फ्रायडे. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनच्या सीमेवर, लाव्ह्याच्या खडकाळ माळावर तंबू ठोकून शांततेची बोलणी चालली होती. एका बाजूला जनरल कॅनबी, मेथडिस्ट पाळक थॉमस आणि सरकारचे आणखी दोघे. दुसऱ्या बाजूला मोडॉक जमातीचा प्रमुख किंटपुआश आणि त्याचे सोबती. बोलणी फिसकटली. किंटपुआशने लपवलेले पिस्तूल काढून कॅनबीला गोळी घातली. पाळक थॉमस हेही मारले गेले.

बोलणी करायला आलेल्या माणसाला मारणे हे पापच. पण सगळा दोष एकट्या किंटपुआशचा होता का?

मोडॉक हे टुली सरोवराच्या आणि लॉस्ट नदीच्या काठचे लोक. १८५२ साली बेन राइट नावाच्या गोऱ्याने त्यांनाच तहाच्या बोलण्यांना बोलावून सुमारे चाळीस जणांना ठार केले होते. १८६४ च्या करारानंतर त्यांना क्लॅमथ जमातीच्या मुलखात नेऊन ठेवले. तिथे त्यांनी लाकडे फोडली की क्लॅमथ लोक येऊन ‘झाडे आमची’ म्हणत ती नेत. तक्रार केली तर सरकारी अधिकारी मोडॉकांनाच दुसरीकडे हलवी. किंटपुआश आपली माणसे घेऊन नदीकाठी परतला. नोव्हेंबर १८७२ मध्ये त्यांना परत न्यायला सैन्य आले, चकमक झाली आणि काही मोडॉकांनी आसपासच्या गोऱ्या वसाहतवाल्यांना मारले. मग पन्नास-साठ लढवय्ये बायकामुलांसह लाव्ह्याच्या कपारींत जाऊन बसले.

किंटपुआशला तह हवा होता. आपल्याच मुलखातला एक तुकडा मिळावा, एवढेच त्याचे मागणे होते. कॅनबीला मारायचा बेत निघाला तेव्हा त्याने विरोध केला. त्यावर त्याच्याच माणसांनी त्याच्या अंगावर बाईची शाल टाकली, डोक्यावर बाईची टोपी ठेवली, भित्रा म्हणून हिणवले. शेवटी तो ‘हो’ म्हणाला.

(भित्रेपणाला बायकी म्हणणाऱ्यांची गंमत वाटते. या प्रकरणात सर्वांत धीट ठरली ती एक मोडॉक बाईच. किंटपुआशची नातलग विनेमा ही दुभाषी होती. घात होणार हे तिने आधीच सांगितले होते. कॅनबी आणि थॉमस यांनी ऐकले नाही. तरीही ती सोबत गेली आणि ‘सैनिक आले’ असे ओरडून तिने जखमी मीचम यांचा जीव वाचवला.)

भीती आणि दडपण यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे ख्रिस्तसभा शिकवते. कमी होते, पण दर वेळी पुसली जात नाही. त्याच दिवशी चर्चमध्ये पिलाताची कथा वाचली जाते. येशू निर्दोष आहे हे त्यालाही ठाऊक होते. तू कैसराचा मित्र नाहीस, असे लोक ओरडले आणि तो नमला. पिलाताच्या पाठीशी रोमचे सैन्य होते. किंटपुआशच्या पाठीशी कपारीत लपलेली बायकापोरे होती. माझ्या मते दोघांचा दोष सारखा नाही. तरी गोळी झाडणारा हात किंटपुआशचाच होता, आणि ती शाल टाकणारे हातही मोकळे नाहीत.

शिक्षा मात्र निराळ्याच मापाने झाली. हत्येचा आग्रह धरणाऱ्यांत पुढे असलेला हूकर जिम सैन्याला शरण गेला, किंटपुआशचा माग काढायला त्याने मदत केली आणि त्याला माफी मिळाली. किंटपुआशवर लष्करी खटला चालला. त्याच्या बाजूने वकील नव्हता. ३ ऑक्टोबर १८७३ रोजी त्याला आणि तिघांना फोर्ट क्लॅमथ येथे फाशी दिली. त्यांची मस्तके कापून वॉशिंग्टनच्या लष्करी संग्रहालयात पाठवली गेली. वंशजांच्या हाती ती परत यायला शंभरहून अधिक वर्षे लागली.

उरलेल्या सुमारे दीडशे जणांना कैदी म्हणून आजच्या ओक्लाहोमात नेले. त्यांतले बरेच जण तिथे आजाराने गेले. परत जाण्याची मुभा १९०९ साली मिळाली. माफी मिळालेला हूकर जिमही त्याच कैद्यांबरोबर गेला होता. तो १८७९ साली तिथेच वारला.