कासरा ज्याच्या हाती

पोहणे लहानपणीच शिकावे, असे सर्व जण म्हणतात; परंतु लहानपणी विहीर कोणाची होती, हे सहसा कोणी विचारीत नाही. समुद्रकाठचे तरुण फळीवर उभे राहून लाटांवरून घसरावयास शिकतात, असे आम्ही ऐकतो. वसमतकरांस समुद्र नाही. पूर्णा नदी आहे, सिद्धेश्वर धरणाचा कालवा आहे, आणि उन्हाळ्यातही पाणी धरून राहणाऱ्या काही विहिरी आहेत. हळद निघालेल्या रानांतील ह्या विहिरींवर चैत्र-वैशाखात पोरांचे थवे सूर मारीत असतात. आमच्या वडिलांनी ते दुरून पाहिले; आम्हीही दुरूनच पाहिले. यास्तव वयाची पंचेचाळीस वर्षे उलटली तरी आम्हांस पोहता येत नव्हते, आणि आमची मुले कालव्यात उतरली म्हणजे काठावरून हाका मारण्यापलीकडे आमच्याने काही होत नसे.

2024 साली गुढीपाडव्यानंतर आम्ही लाज सोडून शिकावयाचे ठरविले. शिकविण्यास जो मनुष्य तयार झाला, तो आमच्या शेजारच्या वाडीचा एक मराठा शेतकरी. त्या दिवसांत आमच्या भागात आरक्षणाचा प्रश्न किती तापला होता, हे वाचकांस सांगावयास नको. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे ऑगस्ट 2023 च्या अखेरीस उपोषण सुरू झाले, 1 सप्टेंबर रोजी तेथे लाठीमार झाला, आणि तेव्हापासून गावोगावी माणसे एकमेकांच्या दुकानांत जाईनाशी झाली. आमचे शिक्षक त्या आंदोलनात पुढे होते. कुणबी दाखला मिळावा म्हणून ते मुंबईच्या वाटेवर पायी चालले होते. आमच्या मुलांचे दाखले इतर मागास वर्गाचे. त्यांची मागणी मान्य झाली तर आमच्या पोरांच्या ताटातील घास वाटला जाईल, असे आमचे मत होते, व आजही आहे. 26 एप्रिल रोजी लोकसभेचे मतदान व्हावयाचे होते. अशा वेळी त्यांनी आमच्या कमरेला बैलाचा कासरा बांधला आणि म्हटले, “मास्तर, उतरा.”

शिक्षण सोपे नव्हते. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधलेला, एका टोकाला आम्ही, दुसरे टोक काठावर त्यांच्या मुठीत. छातीत हवा भरलेली असता मनुष्याचे शरीर पाण्याहून किंचित हलके असते, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. शाळेतील मुलांस शिकविलेही होते. परंतु पायांखाली तळ नाही असे कळताच पुस्तक विसरले जाते. भ्यालेला मनुष्य डोके वर काढू पाहतो. डोके जितके वर येते तितके बाकीचे अंग खाली जाते. मूल हे चार दिवसांत शिकते, कारण बुडणे म्हणजे काय हे त्यास ठाऊक नसते. प्रौढास आपली बायको, मुले, कर्ज, सर्व काही गळ्यापर्यंतच्या पाण्यात आठवते. पहिल्या आठवड्यात आम्ही इतक्या गटांगळ्या खाल्ल्या की काठावरची पोरे मोजू लागली. पेत्र पाण्यात बुडू लागला तेव्हा त्यास धरणाऱ्या हाताची गोष्ट येथे लावण्याचा मोह होतो. परंतु तो आम्ही आवरतो, कारण आमचे शिक्षक काही तारणारे नव्हते. ते विड्या ओढणारे, तोंडाचे फटकळ असे एक कुणी होते, आणि कासरा मात्र त्यांनी एकदाही सैल सोडला नाही.

आता खरा प्रश्न. त्या दिवसांत आम्ही त्यांच्याशी राजकारणाचा एक शब्दही बोललो नाही. ते बोलत, आम्ही हूं म्हणत असू. मनाशी आम्ही ह्यास शांतीची आवड म्हटले. ती आवड नव्हती. ज्याच्या मुठीत आपला जीव आहे त्याचे म्हणणे खोडून काढण्यास जीभ वळत नाही, एवढेच ते होते. उपकाराने बांधलेल्या मनुष्याचे होकार खरे मानावे काय? आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी तर स्पष्टच विचारले, “ज्यांच्या आजांनी तुझ्या आजास पोहऱ्याला हात लावू दिला नाही, त्यांच्या विहिरीत चार डुबक्या मिळाल्या म्हणून तू विकला गेलास काय?”

हे बोलणे लागले, कारण ते निराधार नव्हते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी ओंजळीत घेतले. आणि त्यास नव्वद वर्षे होऊन गेल्यावर, जून 2018 मध्ये, जळगाव जिल्ह्यातील वाकडी गावी मातंग समाजाच्या मुलांना विहिरीत पोहल्यावरून विवस्त्र करून मारहाण झाली. एका मनुष्याचा चांगुलपणा हा हिशेब फेडू शकत नाही. तसे मानणे त्या मनुष्यावरही अन्याय होय. त्याने आम्हांस पोहणे शिकविले, आजाचे कर्ज फेडण्याचा करार केला नव्हता. परंतु त्या आजाचा नातू एवढीच त्याची ओळख धरणे, हेही आम्हांस जमेना. कासऱ्याची ओढ कमरेला अजून जाणवत होती.

मे महिन्याच्या मध्यास आम्ही डब्याशिवाय व कासऱ्याशिवाय विहिरीचा एक फेरा पुरा केला. वर येऊन अंग पुसता पुसता, अद्याप धाप लागलेली असता, आम्ही त्यांस सर्व सांगितले: मत कोणास दिले, का दिले, त्यांची मागणी आमच्या मुलांस कशी बाधेल, आणि ह्याच विहिरीवर आमच्या आजास कोठे उभे राहावे लागे. ते पुष्कळ वेळ विडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मत तर मला ठाऊकच होते. पण मास्तर, एवढे दिवस गप्प का होता? मी काय कासरा सोडला असता?”

ह्याचे उत्तर आम्हांस देता आले नाही. सोडला नसता, हे आम्ही जाणत होतो. तरी भीत होतो. तो दोष त्यांचा किती, आमचा किती आणि गावाचा किती, हे आम्ही अजून मोजीत आहो. आजाविषयी ते काही बोलले नाहीत. आपल्याकडे दुष्काळात शेत विकले गेले ते, मुलीची फी भरता आली नाही ते, मात्र त्यांनी प्रथमच सांगितले. आणि ते ऐकून आमचे मत बदलले नाही, परंतु “त्या लोकांना सर्व काही हवे आहे” हे आमचे आवडते वाक्य त्यानंतर आमच्या तोंडून निघेना.

2 सप्टेंबर 2025 रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटच्या आधारे मराठवाड्यात कुणबी दाखल्यांचा निर्णय काढला, तेव्हा त्यांच्या वाडीत गुलाल उधळला गेला. संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन ते स्वतः आमच्याकडे आले व उंबऱ्यापाशी थांबले. आम्ही त्यांस आत बसविले, चहा दिला. पेढा घेतला नाही, व का घेतला नाही तेही सांगितले. पुडा तसाच ठेवून ते तासभर वाद घालीत बसले. आवाज इतका चढला की शेजारीण डोकावून गेली. उठताना चपला पायांत सरकवीत म्हणाले, “धाकट्याला उद्या विहिरीवर पाठवा. पाणी काठाला आले आहे, आणि त्याला अजून उभ्याने पोहता येत नाही.”