मोजलेली पक्कड

तुरुंगाची पायरी चढायला आता दोनच वाटा: गुन्ह्याची आणि टेंडरची. पूर्वी तिसरी होती, सत्याग्रहाची. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा त्याच वाटेने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गेले.

आमच्या जिल्ह्याचा तुरुंग अलिबागला, कान्होजी आंग्र्यांच्या हिराकोटात. किल्ला १७२० सालचा असला, तरी नळ गळायचा तो गळतोच. मग पेणचा प्लंबर असो की रोह्याचा वायरमन, तुरुंगाची रीत एकच. पहिला दरवाजा बंद झाल्याखेरीज दुसरा उघडायचा नाही. नाव वहीत, अंग झडतीत. पाने-पकडी मोजून आत, मोजून बाहेर. एक छिन्नी कमी भरली, की ठेकेदारही खोळंबला आणि त्याचा पोऱ्याही!

"केवढा हा अविश्वास!" असं आपण म्हणतो. पण आपल्या घरी? प्लंबर न्हाणीघरात शिरला, की आजी माळ घेऊन दाराशी. जप देवाचा, डोळा तांब्यावर! तुरुंगात निदान पक्कड मोजतात. आपण माणूस तोलतो, तोही कपड्यांवरून. अपमान झडतीत नसतो, निवडून घेतलेल्या झडतीत असतो.

हे मी हिला पटवून दिलं. ती म्हणाली, "मग दिवाळीला जावईबापूंची पिशवी तुम्हीच तपासा."

तत्त्वज्ञान तिथेच खोळंबलंय.