कपाटाची किल्ली

।। श्री गुरुदेव दत्त ।।



गुरुपौर्णिमा जवळ आली की आपल्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, यंदा सेवा कुठे द्यायची? मागच्या वर्षी आपण सिल्वासातल्या एका शाळेतल्या मुलांना दिली होती. नववीची दहा-बारा मुलं-मुली दर शनिवारी शाळा सुटल्यावर पहिली-दुसरीच्या पोरांना गोष्टी वाचून दाखवायची. पाड्यावरची लेकरं, घरी वारली बोलणारी. पुस्तकातली मराठी त्यांना परकीच. मोठ्यांपैकी दोघं वारलीच, ती मध्येच आपल्या बोलीत समजावून सांगायची. कल्पना मुलांचीच, बाईंनी फक्त वर्ग उघडून दिला.

आपण काय केलं? खरं सांगते, मीच पुढे होते. मुलांनी मागितले होते ४,२०० रुपये. गोष्टींची पुस्तकं, दोन सतरंज्या आणि चिक्की. आपण म्हटलं, पैसे मुलांच्या हाती कशाला? आपणच लोखंडी कपाट घेतलं, पुस्तकं आपल्या पसंतीची आणली, वर मंडळाचा फलक लावला, फोटो काढला. पुस्तकं हरवू नयेत म्हणून किल्ली माझ्याकडे. मग मी भाच्याच्या लग्नाला नाशिकला गेले, किल्ली पर्समध्ये! तिथून पुढे आजारपण निघालं. तीन शनिवार मुलं कपाटापुढे बसून उठून गेली. चौथ्या शनिवारी कोणी आलंच नाही. दिवाळीनंतर वाचन बंद.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत, ते आपण पारायणात कितीदा वाचतो. परतफेडीची अपेक्षा ठेवून दिलेलं ते राजस. मला वाटायचं, परतफेड म्हणजे पैसा. फलक, फोटो आणि किल्ली हीसुद्धा परतफेडच की!

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, कामं स्वतः करायची. त्यासाठी गावोगावच्या बायका दळायच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढत, त्यालाच मुष्टिफंड म्हणत. आणि लक्ष्मीबाई, त्यांची पत्नी, त्यांनी मुलांच्या पोटासाठी मंगळसूत्रसुद्धा विकलं. आपल्याकडे वाटी-मंगळसूत्राला हात लावायचा म्हणजे काय, ते बायकांना सांगायला नको. मूठ देणाऱ्या त्या बायकांचं नाव कुठल्या भिंतीवर होतं?

लांब कशाला, आपण राहतो ती सिल्वासाची माती २ ऑगस्ट १९५४ ला मोकळी झाली. त्या मोहिमेसाठी सुधीर फडके बाबूजींनी पुण्यात लतादीदींचा कार्यक्रम ठेवून पैसा उभा केला होता. तिकीट काढणारे वेगळे, इथे येऊन झटणारे वेगळे.

तर यंदा तीच मुलं, आता दहावीतली, पुन्हा आली. नववीच्या नव्या मुलांनाही घेऊन. वहीच्या पानावर हिशेब, ३,६०० रुपये. चिक्कीऐवजी शेंगदाणे-गूळ, स्वस्त पडतो म्हणून. एका मुलीने चाचरत विचारलं, "काकू, यंदा किल्ली आमच्याकडे राहील का?" मला वर बघवेना.

काही काका-दादांचं म्हणणं आहे की मुलं पैसे वाया घालवतील. घालवतीलही थोडे. एखादं पुस्तक भिजेल, आपल्या पावसाला कोण अडवणार! पण दहावीच्या पोराला ३,६०० रुपयांचा हिशेब लिहून तो वर्गापुढे वाचावा लागला, तर तेवढ्यात चारित्र्याचा जो धडा मिळेल तो माझ्या दहा प्रवचनांत नाही. रक्कम एकदम द्यायला नको, १,२०० चे तीन हप्ते करू. पहिल्याचा हिशेब आला की दुसरा. बाई सोबत असतीलच. पुस्तकं कुठली ते मुलं ठरवतील, आपण फार तर विचारलं तर सुचवायचं.

या गुरुवारी आरतीनंतर दाराशी डबा ठेवते. नाव न लिहिता टाका. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या हातून टाका. फलक मी कालच उतरवून आणला, खिळ्याच्या जागी आता कपाटाची किल्ली टांगली आहे, मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर.

आपली सेवेकरी भगिनी, सिल्वासा