बाळाच्या मनगटावरील पट्टी



पिंपरी-चिंचवड अथवा चाकण येथील एखाद्या मोठ्या प्रसूतिगृहांत गेल्यास नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या हातास किंवा पायास एक अरुंद पट्टी बांधलेली दृष्टीस पडते. तसलीच पट्टी आईच्या मनगटावरही असते. बाळाचें नांव अद्याप ठेवलेलें नसतें, म्हणून तिजवर आईचें नांव, नोंदणीचा क्रमांक, जन्माची तारीख व वेळ, आणि मुलगा कीं मुलगी, एवढेंच लिहितात. अलीकडे बाजारांत किंवा यात्रेंत चालतीं मुलें नेतांनाही कित्येक आईबाप त्यांच्या हातास आपला फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधतात.

या चालीविषयीं एका खेड्यांतील वडील बंधूंनीं आम्हांस विचारलें, "चाकणच्या बाजारांत गुरांच्या कानाला बिल्ला असतो. आतां लेंकरालाही बिल्ला आला. मग लेंकराची किंमत वाढली, कीं उतरली?" प्रश्न साधा आहे, पण हंसून सोडून देण्याजोगा नाहीं. आज आपण त्याचाच विचार करूं.

गुराच्या कानांतील पिवळ्या बिल्ल्यावर बारा आंकडी क्रमांक असतो. त्यावरून जनावरास लस टोंचली कीं नाहीं, तें कोणाच्या दावणीचें आहे, हें कळतें. बैल विकला म्हणजे वहींत धन्याचें नांव बदलतें, क्रमांक तोच राहतो. बाळाच्या पट्टीची गोष्ट याच्या उलट आहे. तीवरचें आईचें नांव कोणास विकतां येत नाहीं, देतां येत नाहीं, पुसतांही येत नाहीं. जनावराचा बिल्ला म्हणतो, 'हें अमक्याच्या मालकीचें आहे.' बाळाची पट्टी म्हणते, 'याविषयीं अमकीला जाब द्यावयाचा आहे.' बिल्ल्यानें धन्याचा हक्क सांगितला जातो. पट्टीनें पाहणाऱ्याचें कर्तव्य सांगितलें जातें. हा भेद मनांत पक्का ठसला म्हणजे वडिलांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळालें.

कोणी म्हणतील, आपल्या घरांत बाळाचें मनगट पूर्वीं तरी कोठें रिकामें होतें? काळ्या मण्यांच्या मनगट्या होत्या, वाळे होते. जत्रेंत स्त्रिया हातावर नांवें गोंदून घेत. मनगट्या दृष्ट लागूं नये म्हणून घालीत, आणि ती भीति आपल्यांपैकीं पुष्कळांनीं मागें टाकिली आहे. मग ही पट्टी म्हणजे तोच जुना गंडा नव्या रूपानें आला काय? जो ती बांधून निश्चिंत झोंपतो, त्याच्यापुरता ती गंडाच होय. पुष्कळ वर्षें प्रसूतिकक्षांत सेवा केलेल्या एका परिचारिका भगिनीनें आम्हांस सांगितलें, "पट्टी बाळ सांभाळीत नाहीं. पट्टी वाचणारी सांभाळते."

तिच्या म्हणण्याचा अर्थ असा. बाळ आईपासून दूर नेण्यापूर्वींच, जन्मखोलींतच, दोघांसही पट्टी बांधली पाहिजे. तिचें बकल एकदां बसलें कीं उघडत नाहीं. पट्टी कापूनच काढावी लागते. पहिल्या कांहीं दिवसांत बाळाचें वजन थोडें उतरतें, मनगट बारीक होतें, आणि पट्टी गळून पडण्याचा संभव असतो. यास्तव कित्येक ठिकाणीं एक हातास व एक पायास अशा दोन बांधतात. फार आवळली तर कोंवळी कातडी सोलते. लस देऊन आणलें, कांचेच्या पेटींतून काढलें, घरीं न्यावयास निघाले, अशा प्रत्येक वेळीं आईची व बाळाची पट्टी शेजारीं धरून दोन्ही वाचावयाच्या असतात. हें वाचणें एकदां चुकलें, तर सारें बांधणें व्यर्थ.

आमच्या आजीच्या काळीं याची गरज नव्हती. एका घरांत एकच बाळंतीण असे, आणि सुईण तिच्या आईलाही ओळखीत असे. पुढें पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलीनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, त्यामागून औद्योगिक वसाहत वाढली, १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि मग चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. मराठवाड्यांतून, विदर्भांतून, बिहार व ओरिसा प्रांतांतून माणसें आलीं. एका चाळींत दहा गांवचीं बिऱ्हाडें. कोणाचें मूल कोणतें, हें शेजाऱ्यासही ठाऊक नसतें. दोन वर्षांचें मूल हरवलें तर तें 'आई' किंवा 'माई' एवढेंच सांगूं शकतें, आणि त्या नांवाची बाई तर प्रत्येक दारांत आहे. जेथें ओळख आटली, तेथें अक्षरांची गरज पडली. यांत लाज नाहीं. परंतु ओळख आटली याचें थोडें दुःख मात्र असावें.

येथें आमचा स्वतःचा एक अनुभव सांगतों. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीस मुक्कामाला येते, त्या दिवशीं कामानिमित्त आम्ही तेथें होतों. रस्ता माणसांनीं फुलला होता. आमची तीन वर्षांची कन्या हात सोडून केव्हां निसटली, हें आम्हांस कळलेंच नाहीं. तो अर्धा तास कसा गेला, तें लिहवत नाहीं. अखेर एका अनोळखी मुलानें फोन केला. तेथें धांवत जाऊन पाहतों तों एक मजूर बाई मुलीस मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसलेली. मुलीच्या हातास आम्हीं कापडी पट्टी बांधली होती, पण बाईस वाचतां येत नव्हतें. तिनें पट्टी पाहिली, यांत कांहीं लिहिलें आहे इतकें ओळखलें, वाटेवरच्या शाळकरी मुलास तें वाचावयास लाविलें, आणि स्वतः जागेवरून हलली नाहीं. तिची त्या दिवसाची मजुरी बुडाली होती. आम्ही पैसे पुढें केले, तेव्हां ती म्हणाली, "माझंबी असंच एक हाय गांवाकडं." आमचें अक्षर व तिचें हृदय, या दोहोंतून एक जरी नसतें, तर मूल आम्हांस त्या वेळीं मिळतें ना.

शलमोन राजापुढें एका मुलासाठीं भांडत आलेल्या दोन स्त्रियांची कथा आपणां सर्वांस अवगत आहे. त्या बाळाच्या हातास पट्टी नव्हती, आणि आजच्याप्रमाणें रक्त तपासून आई ठरविण्याची विद्याही तेव्हां नव्हती. राजानें काय तपासलें? आपला हक्क गेला तरी चालेल, पण मूल जगावें, असें कोणास वाटतें, हें त्यानें तपासलें. आज प्रयोगशाळा जन्माचा निवाडा करील, पण राजानें विचारलेला प्रश्न कोणत्याही पट्टीवर लिहितां येत नाहीं. तो प्रत्येक आईबापास, प्रत्येक दवाखान्यास व प्रत्येक वाटसरूस रोज नव्यानें विचारला जातो.

न्यायासनांनींही हें कर्तव्य जड अक्षरांत लिहिलें आहे. हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार पोलिसांनीं गुन्हा म्हणून नोंदविली पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें १० मे २०१३ रोजीं ठरविलें. पुढें १५ एप्रिल २०२५ रोजीं, उत्तर प्रदेशांतील बालविक्रीच्या खटल्यांत, दवाखान्यांतून नवजात बालक चोरीस गेल्यास पहिली कारवाई म्हणून त्या दवाखान्याचा परवाना स्थगित करावा, असें त्याच न्यायालयानें म्हटलें. ज्या हातांत बाळ विश्वासानें दिलें, त्या हातांनीं त्याचा जाब द्यावा, हाच याचा अर्थ. आणखी एक समाधानाची गोष्ट अशी कीं, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवापुढें सरकारी कागदांत आईचेंही नांव लावण्याचा नियम आपल्या राज्यानें केला. पहिल्या पट्टीवर आईचें जें नांव दोन-चार दिवस असे, तें आतां जन्मभर राहील.

तथापि प्रत्येक खूण चांगलीच, असें समजूं नये. मूल कोठें आहे हें क्षणोक्षणीं सांगणारीं घड्याळेंही आतां मनगटावर आलीं आहेत. त्यांपैकीं कांहींतून दूर बसून आसपासचें बोलणें चोरून ऐकतां येई. जर्मनीच्या दूरसंचार नियामक खात्यानें २०१७ च्या नोव्हेंबरांत अशा घड्याळांस बंदी केली. कित्येक पालक वर्गांतील शिक्षकांचें बोलणें त्यांतून ऐकत होते, असें त्या खात्यास आढळून आलें होतें. हरवलेलें मूल परत यावें म्हणून बांधलेली खूण ही प्रेमाची. मुलावर व त्याच्या गुरुजनांवर विश्वासच नाहीं म्हणून बांधलेली खूण ही कैद्याची. मूल वाढतें तशी खूण गळून पडावी, आणि तिच्या जागीं त्याच्या ठायीं शहाणपण व आपल्या ठायीं भरंवसा यावा.

गांवोगांवच्या उपदेशकांस व मातापित्यांस आमची सूचना अशी. दवाखान्यांत बाळ हातीं येतांच त्याची व आपली पट्टी जुळवून पाहावी. वाचतां येत नसेल तर परिचारिकेकडून मोठ्यानें वाचून घ्यावी, त्यांत संकोच नको. यात्रेस, मेळ्यास किंवा मंडळीच्या मोठ्या सभेस जातांना लहान मुलाच्या हातास पट्टी बांधावी. तिच्या बाहेरच्या अंगास मुलाचें नांव लिहूं नये, कारण नांवानें हांक मारणाऱ्या परक्यावर मूल लगेच विश्वास ठेवतें. फोन नंबर पुरे, आणि तो आंतील अंगास असावा. परकें मूल सांपडलें तर त्यास आपल्या घरीं नेऊं नये. सांपडलें तेथेंच थोडें थांबावें, पोलिसांस अथवा १०९८ या क्रमांकावर कळवावें. अशा बालकास, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आंत बाल कल्याण समितीपुढें नेलें पाहिजे, असा २०१५ चा कायदा आहे.

आतां वडील बंधूंच्या प्रश्नास उत्तर देतों. दादा, लेंकराची किंमत पट्टीनें वाढत नाहीं व उतरतही नाहीं. पट्टीनें आपली परीक्षा मात्र होते. तीवरील नांव वाचून जो थांबतो, तो त्या मुलाचा तेवढ्या वेळापुरता आईबापच होय. आकुर्डीच्या पायरीवर बसलेल्या त्या बाईस अक्षर येत नव्हतें, तरी पट्टी खरोखर तिनेंच वाचली.