अकराव्या तासाचे मजूर आणि आपले द्राक्षमळे



आजच्या शुभवर्तमानातील (मत्तय २०:१-१६) द्राक्षमळ्याचा धनी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पाच वेळा मजूर शोधायला बाहेर पडतो. आपल्या नाशिक जिल्ह्यात हा दाखला फार समजावून सांगावा लागत नाही. थोड्याच दिवसांत गोडी छाटणी सुरू होईल आणि पेठ-सुरगाण्याकडची माणसे फडक्यात भाकरी बांधून अड्ड्यावर उभी राहतील. तरणी जोडपी आधी उचलली जातात. म्हातारा माणूस, लेकुरवाळी बाई उन्हे चढली तरी तिथेच असतात. दाखल्यातील शेवटच्या मजुरांचे उत्तरही तेच आहे: आम्हांला कोणी बोलावलेच नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलचा वाटपाचा न्याय पाठ केला होता. ज्याची जशी पात्रता, तसा त्याचा वाटा. परीक्षेत गुणही बरे मिळाले! या धन्याने मात्र घड्याळ बाजूला ठेवले आणि घरी चूल पेटायला काय लागते ते पाहून सर्वांना सारखी मजुरी दिली.

पण दोन एकर बागेचा मालक तरी आज खरा धनी आहे का? २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे शेतकरी ज्याला 'सीसीसी' म्हणतात त्याचे, अंश सापडले आणि युरोपला गेलेला माल अडकला. नियम दूर कुठेतरी ठरला, कर्ज मात्र बागायतदाराच्या डोक्यावर बसले. एकट्याने प्रयोगशाळा गाठता येत नाही, शीतगृह बांधता येत नाही, व्यापाऱ्याशी भांडताही येत नाही. म्हणूनच शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कंपन्या काढल्या. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीची 'सह्याद्री' आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. (जाता जाता एक गोष्ट: औषधाचे अंश द्राक्षात मोजले जातात, फवारणाऱ्याच्या रक्तात सहसा कोणी मोजत नाही.)

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनीची तरतूद झाली. किमान दहा उत्पादकांना मिळून अशी कंपनी काढता येते. सभासद शेतकऱ्याचे शेअर कितीही असोत, मत एकच. वीस एकरवाल्याला एक, अर्ध्या एकरवाल्यालाही एक. कायदा वाचताना आम्हांला आजचाच दाखला आठवला.

तरीही दार अरुंद राहते, आणि याबाबत आम्हांला एक कबुली द्यायची आहे. मागच्या हंगामाआधी आपल्या धर्मग्रामातील एक विधवा भगिनी आमच्याकडे आली होती. बाग तीच सांभाळते. छाटणी, डिपिंग, फवारणी सगळे तिच्या देखरेखीखाली. पण सातबारा सासऱ्यांच्या नावावर. गटाने सातबारा मागितला आणि तिला परत पाठवले. कायदा उत्पादक कोण ते विचारतो. जमीन कोणाच्या नावावर आहे, हा आपल्या गटांनी लावलेला प्रश्न आहे. "बघू" असे म्हणून आम्ही तिची बोळवण केली आणि सणाच्या गडबडीत विसरून गेलो. तिने माल बागेवरच एका व्यापाऱ्याला दिला. इसार मिळाला, गाड्या भरून गेल्या. उरलेले पैसे आजवर आलेले नाहीत.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात लिहिले, की जगातील बहुसंख्य लोकांचे पोट लहान शेतकरीच भरतात आणि तेही थोड्या जमिनीत, कमी नासाडी करून. आम्ही त्या परिपत्रकावर तीन प्रवचने दिली. ती भगिनी तिन्ही वेळा समोरच्या बाकावर होती.

आपल्यापैकी जे अशा गटांचे सभासद आहेत, त्यांनी पुढच्या सभेत हा विषय काढावा. आपल्या घरातली जी स्त्री बाग राबते, तिचे नाव यादीत आहे का तेही पाहावे. जे अड्ड्यावरून मजूर आणतात, त्यांनी मजुरी त्याच संध्याकाळी हातावर ठेवावी. शनिवारची वाट पाहायला लावू नये.

पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्साबलिदानानंतर चर्चच्या सभागृहात आम्ही बसणार आहोत. उत्पादक कंपनीचे काम जाणणारा एक जण माहिती देईल. त्या भगिनीच्या घरी आम्ही काल स्वतः जाऊन आलो; ती येते म्हणाली आहे. बागायतदारांनी यावे, मजुरांनीही यावे. येताना सातबारा आणण्याची गरज नाही.