मत ही साक्षच



१ नोव्हेंबर २०२५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, मुंबईत विरोधी पक्षांनी मतदारयाद्यांतील घोळाविरुद्ध ‘सत्याचा मोर्चा’ काढला. याद्यांत दुबार नावे आहेत, असा त्यांचा आरोप होता. अशा मोर्चात ख्रिस्ती माणसाने जावे का? आम्हांला वाटते, जरूर जावे. दुसऱ्याच्या नावावर टाकलेले मत ही खोटी साक्ष आहे. ती आठव्या आज्ञेचा भंग करते. परंतु पुराव्यावाचून कुणाला मतचोर ठरवणे, हाही त्याच आज्ञेचा भंग. आणि पाकीट घेऊन दिलेले मत? तीही विकलेली साक्षच.

म्हणून गंगाखेडात आपण घरापासून सुरुवात करू या. यादीतील आपली नावे तपासू या, घरातील मृतांची नावे राहिली असल्यास नमुना ७ भरून वगळून घेऊ या आणि दारी आलेले पाकीट परत करू या. मग सरकारकडे सत्य मागताना आपली मान खाली जाणार नाही.